भेंडीचा केवडा आणि शेताच्या कडेची झाडे

भेंडी हे लहान बागायतदाराचे रोख पैशाचे पीक होय. पेरणीनंतर दीड महिन्याच्या सुमारास तोडणी सुरू होते आणि पुढे एक दिवसाआड माल बाजारात जाऊन घरखर्चास हातभार लागतो. अशा ऐन उमेदीच्या वेळी शेंड्याच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडू लागल्या, म्हणजे शेतकऱ्याच्या मनात धास्ती उत्पन्न होते. आरंभी शेतात अशी चारदोन झाडे दिसतात. पुढच्या आठवड्यात त्यांची संख्या वाढते आणि महिना उलटण्यापूर्वी सारा वाफा पिवळा पडतो. त्यानंतर येणारी फळे आखूड, फिकट व चिवट असतात आणि बाजारात त्यांस कोणी विचारीत नाही.

या रोगास आपल्याकडे केवडा किंवा हळद्या असे म्हणतात. त्यासाठी औषध आणले, फवारले, ते बदलून दुसरे फवारले, तरीही रोग थांबला नाही, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. मग कोणी बियाण्यास दोष देतो, कोणी औषधास, कोणी जमिनीस. वास्तविक हा रोग बियाण्यातून येत नाही आणि जमिनीतूनही येत नाही. तो दुसऱ्या झाडावरून येतो, आणि एक लहानशी माशी त्यास घेऊन येते. ती माशी कोणत्या झाडावर वाढली व कोणत्या झाडाचा रस शोषून आली, यावर आपल्या पिकाचे भवितव्य पुष्कळ अंशी अवलंबून असते. या पाठात त्याच गोष्टीचा विचार करावयाचा आहे.

रोगाची ओळख

केवडा या नावाने बाजरीवर व द्राक्षावरही रोग येतात. परंतु ते बुरशीसारख्या जीवांपासून होणारे रोग असून भेंडीचा केवडा त्यांहून अगदी निराळा, विषाणूपासून होणारा रोग आहे. यात पानाच्या शिरांचे जाळे पिवळे होते व शिरांमधील भाग प्रथम हिरवा राहतो. रोग बळावल्यावर सर्व पान पिवळे पडते आणि फळेही पिवळसर होतात.

या रोगाची नोंद १९२४ साली त्या वेळच्या मुंबई इलाख्यातून कुलकर्णी यांनी केली. १९४० साली उप्पल, वर्मा व कपूर यांनी तो विषाणुजन्य असल्याचे दाखवून दिले. पुढे १९५२ साली वर्मा यांनी हा विषाणू व त्याचा वाहक असलेली पांढरी माशी यांच्यातील संबंधाचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला. म्हणजे या रोगाचे मूळ उलगडण्याचे कार्य बव्हंशी आपल्याच प्रदेशात झालेले आहे.

रोगामुळे होणारे नुकसान झाडाच्या वयावर अवलंबून असते. निरनिराळ्या अवस्थांत रोग आल्यास ५० पासून ९४ टक्क्यांपर्यंत उत्पन्न बुडते, असे प्रयोगांत आढळून आले आहे. रोप लहान असताना रोग आला तर हाती जवळजवळ काहीच येत नाही. दोन महिन्यांनंतर आला तर बरेचसे पीक पदरात पडते. तेव्हा रोग पूर्णपणे टाळता आला नाही, तरी तो पहिले दीड-दोन महिने दूर ठेवता आला, तर पिकाचा मोठा भाग वाचतो. पुढील सर्व विवेचन वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

रोग वाहून नेणारी माशी

पांढरी माशी आकाराने एक मिलिमीटरच्या आसपास असते. तिचे शरीर पिवळट असून पंख पांढऱ्या पिठासारख्या थराने झाकलेले असतात. ती पानाच्या खालच्या बाजूस बसते व झाड हलविताच भुरकन उडते. मादी पानाच्या खालच्या अंगास सूक्ष्म अंडी घालते. प्रत्येक अंड्यास एक बारीक देठ असून तो पानात रुतलेला असतो. अंड्यातून निघालेले पिलू थोडेसे सरकते व सोयीची जागा पाहून तेथे सोंड खुपसून बसते. त्यानंतर पंख फुटेपर्यंत ते जागा सोडीत नाही. उबदार हवेत अंड्यापासून माशी होईपर्यंत सुमारे दोन ते तीन आठवडे लागतात. थंडीत याहून अधिक काळ लागतो.

याचा अर्थ असा, की पिलाचे सारे बालपण आईने निवडलेल्या एकाच पानावर जाते. ते पान पौष्टिक असेल तर पिले लवकर वाढतात, कमी मरतात आणि त्यांपासून होणाऱ्या माद्या अधिक अंडी घालतात. ते पान त्यांस न मानवणारे असेल, तर पिढी तेथेच रोडावते. कीड वाढण्याचा वा न वाढण्याचा निर्णय अशा रीतीने औषधापूर्वीच, झाडाच्या निवडीत होऊन जातो.

विषाणू माशीच्या शरीरात कसा जातो हेही पाहणे अगत्याचे आहे. रोगट झाडाचा रस काही मिनिटे शोषला तरी विषाणू माशीच्या पोटात शिरतो. तेथून तो रक्तात व नंतर लाळेत उतरण्यास काही तास लागतात. एकदा लाळेत उतरला, की बहुधा माशी जिवंत असेपर्यंत तिच्या अंगी रोग लावण्याची शक्ती राहते. रोगट पानावर वाढलेल्या पिलांस पंख फुटले, म्हणजे त्या माश्या बहुधा रोग बरोबर घेऊनच बाहेर पडतात. उलटपक्षी, निरोगी झाडावर वाढलेल्या माश्या कितीही असल्या, तरी रोगट झाडाचा रस मिळेपर्यंत त्या केवड्याच्या दृष्टीने निरुपद्रवी असतात.

माशीचे घर व विषाणूचे घर

ज्या झाडावर एखादी कीड किंवा रोगजंतू आपला उदरनिर्वाह करतो, त्या झाडास त्याची यजमान वनस्पती म्हणतात. येथे एक भेद स्पष्ट समजून घेतला पाहिजे. माशीची यजमान वनस्पती निराळी आणि विषाणूची यजमान वनस्पती निराळी. पांढरी माशी सहाशेहून अधिक प्रकारच्या वनस्पतींवर राहू शकते. भेंडीच्या केवड्याचा विषाणू मात्र फार थोड्या झाडांवर टिकतो. त्यांत भेंडी, तिच्याच कुळातील काही रानभेंड्या व बागेतील गुलखैरा ही मुख्य होत.

या दोन गोष्टी एकमेकींस जोडून पाहिल्या, म्हणजे शेताच्या आसपासची झाडे पुढील गटांत मांडता येतात.

(१) माशीचे घर व विषाणूचेही घर. जुन्या भेंडीच्या पिकाची उभी राहिलेली झाडे, सांडलेल्या बियांपासून आपोआप उगवलेली भेंडी, तसेच बांधावरील व ओढ्याकाठची रोगास बळी पडणारी रानभेंडी या गटात येतात. हा गट सर्वांत घातक होय. येथे माशी जन्मते व रोगासह बाहेर पडते.

(२) माशीचे घर, परंतु या विषाणूचे नव्हे. वांगे हे याचे उत्तम उदाहरण. वांग्याच्या मऊ, लवदार पानांवर पांढरी माशी फार वेगाने वाढते. परंतु वांग्यावर भेंडीचा केवडा येत नाही. पेटारी, चिकणा, धोतरा, कामोणी यांसारखी तणेही माशीस आसरा देतात.

(३) दोघांचेही घर नव्हे. मका, ज्वारी व बाजरी यांच्या पानांवर ही माशी सहसा नांदत नाही आणि भेंडीचा विषाणूही तेथे टिकत नाही. या झाडांचा उपयोग पुढे सांगितला आहे.

पहिला गट ठिणगीप्रमाणे आहे व दुसरा वाळलेल्या गवताच्या गंजीप्रमाणे. नुसत्या ठिणगीने आग फार दूर जात नाही. नुसत्या गंजीने आग लागत नाही. दोन्ही एकत्र आल्या, म्हणजे मात्र विझविणे कठीण होते.

समजा, एका शिवारात दोन शेतकऱ्यांनी एकाच दिवशी, एकाच पिशवीतील बी पेरले. पहिल्याच्या शेतालगत वांग्याचा जुना फड आहे. परंतु आसपास रोगट भेंडी नाही. त्याच्या भेंडीवर माश्या पुष्कळ दिसतील, पाने चिकट होतील. पण केवडा उशिरा व थोडा येईल. दुसऱ्याच्या शेताच्या एका कडेला तसाच वांग्याचा फड आहे आणि दुसऱ्या कडेला उन्हाळी भेंडीच्या पिवळ्या पडलेल्या चार ओळी बियाण्यासाठी किंवा आळसाने राहून गेल्या आहेत. त्याचे शेत पहिला तोडा होण्यापूर्वीच पिवळे पडण्याचा संभव आहे. बियाणे एकच, औषध एकच, जमीनही एकच. फरक केवळ शेजाराचा.

माशीच्या आवडीनिवडी

सहाशेहून अधिक वनस्पतींवर राहते, म्हणून माशीस सर्व झाडे सारखीच आवडतात असे नाही. पिवळसर हिरव्या रंगाकडे ती ओढली जाते. पिवळे चिकट सापळे याच स्वभावावर बेतलेले आहेत. तिला कोवळी पाने अंडी घालण्यास अधिक पसंत पडतात. नत्रयुक्त खत प्रमाणाबाहेर दिलेल्या पिकाची पाने लुसलुशीत होतात व त्यांवर तिची वाढ अधिक होते. यास्तव खताची मात्रा शिफारशीइतकीच व हप्त्याहप्त्याने देणे हे रोगनियंत्रणाचेही एक अंग आहे.

पानावरील लवीचाही यात वाटा असतो. कापसात असे दिसून आले आहे, की दाट लव असलेल्या वाणांवर तुडतुडे कमी येतात, परंतु पांढरी माशी मात्र अधिक येते. गुळगुळीत पानांच्या वाणांत याच्या उलट घडते. एका किडीस आळा घालणारा गुण दुसऱ्या किडीस मानवतो. म्हणून एखादा वाण किडीस प्रतिकारक आहे असे ऐकल्यास तो कोणत्या किडीस प्रतिकारक आहे, हा प्रश्न अवश्य विचारावा.

डोळ्यांस एकसारख्या दिसणाऱ्या पांढऱ्या माश्यांतही अनेक प्रकार आहेत आणि त्यांच्या आवडीची झाडे निरनिराळी असतात. १९९९ साली कर्नाटकातील कोलार भागात टोमॅटोवर परदेशातून आलेला असा एक नवा प्रकार आढळला. तो टोमॅटोवर फार झपाट्याने वाढत असल्यामुळे तेथे पर्णगुच्छ या विषाणुरोगाचा मोठा प्रादुर्भाव झाला. माशीचा प्रकार बदलला, की कोणते पीक धोक्यात हेही बदलते.

पर्णगुच्छाच्या विषाणूचे घर केवड्याच्या विषाणूपेक्षा पुष्कळ मोठे आहे. बंगळूर परिसरात झालेल्या पाहणीत ओसाडी, गाजरगवत यांसारख्या तणांतही टोमॅटोचा हा विषाणू आढळला. गाजरगवताची नोंद आपल्याकडे १९५६ साली पुण्याहून झाली व त्यानंतर ते देशभर पसरले. बाहेरून आलेले एक तण रानोमाळ माजले, म्हणजे नुकसान केवळ त्या जागेचे होत नाही. शेजारच्या बागेतील टोमॅटोसही त्याची झळ पोचते.

येथे एका गैरसमजाचे निरसन करणे आवश्यक आहे. पिवळ्या शिरांचे प्रत्येक तण भेंडीच्या केवड्याचे घर असते असे नव्हे. ओसाडीच्या शिरा पिवळ्या दिसतात, त्या बहुधा तिच्या स्वतःच्या निराळ्या विषाणूमुळे. सबब भेंडीसाठी प्रथम भेंडीच्या कुळातील झाडांकडे लक्ष पुरवावे. टोमॅटोसाठी मात्र तणांकडे अधिक व्यापक दृष्टीने पाहावे.

रोगट झाड माशीस काय देते

विषाणू झाडात शिरल्यावर झाडाचा रंग, गंध व रस ही तिन्ही बदलतात, आणि हा बदल किडीच्या वागणुकीवर परिणाम करतो. चीनमध्ये तंबाखूवर झालेल्या व २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे आढळले, की पांढऱ्या माशीच्या एका आक्रमक प्रकाराचे आयुष्य व अंड्यांची संख्या निरोगी झाडांपेक्षा विषाणुग्रस्त झाडांवर कित्येक पटींनी वाढली. तिथल्याच मूळच्या माशीला मात्र असा लाभ झाला नाही. म्हणजे काही जोड्यांत विषाणू माशीचे पोषण करतो आणि माशी विषाणूची वाहतूक करते.

माव्याच्या बाबतीत निराळाच प्रकार दिसून आला. २०१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काकडीच्या मोझॅक विषाणूने ग्रासलेल्या भोपळवर्गीय झाडांचा गंध माव्यास आकर्षून घेतो, परंतु रस बेचव असल्यामुळे मावा तेथे न थांबता लगेच दुसऱ्या झाडावर जातो, असे आढळले. हा विषाणू सोंडेच्या टोकास चिकटून जाणारा असल्यामुळे अशी घाईची भेटच त्याच्या प्रसारास सोयीची ठरते. शेतात पहिली रोगट झाडे तशीच उभी ठेवण्यात किती धोका आहे, हे यावरून समजून येईल. ती केवळ गेलेली झाडे नसून किडीस बोलावणारी झाडे होत.

प्रत्येक रोगास एकच नियम नाही

वरील विवेचन भेंडीपुरते आहे. अन्य पिकांत यजमान वनस्पतींची मांडणी बदलते व त्याबरोबर उपायही बदलतात. तीन उदाहरणे पाहू.

पपईवरील रिंगस्पॉट रोग मावा पसरवितो. परंतु मावा पपईवर सहसा वस्ती करीत नाही. तो दुसऱ्या पिकावर व तणांवर वाढतो, उडत उडत पपईवर उतरतो, चव पाहतो व पुढे जातो. विषाणू घेण्यास व देण्यास त्यास काही सेकंद ते थोडी मिनिटे पुरतात. म्हणून पपईच्या पानांवर मावा दिसत नाही, तेव्हा धोका नाही, हा समज चुकीचा आहे. हा विषाणू भोपळवर्गीय वेलांवरही जगतो. यासाठी पपईच्या बागेत किंवा लगत काकडी, दोडका, भोपळा यांची लागवड करू नये.

केळीवरील हरण्या रोग जळगाव भागातील बागायतदारांस चांगलाच परिचित आहे. तो काकडीच्या मोझॅक विषाणूपासून होतो. या विषाणूची घरे हजाराहून अधिक प्रकारच्या वनस्पतींत आहेत. इतक्या सर्व वनस्पती काढून टाकणे कोणासही शक्य नाही. येथे भर द्यावयाचा तो बाग लहान असताना ती तणविरहित ठेवण्यावर, निरोगी रोपे वापरण्यावर, भोपळवर्गीय, टोमॅटो, मिरची ही पिके बागेत न घेण्यावर आणि रोगट झाडे त्वरित उपटण्यावर.

तुरीवरील वांझ रोग याच्या अगदी उलट आहे. तो वाहून नेणारा सूक्ष्म कोळी (हा कीटक नव्हे, आठ पायांच्या जीवांच्या वर्गातील आहे) तूर व तिच्या जवळच्या रानटी जाती यांखेरीज अन्यत्र जगत नाही. विषाणूचेही मुख्य घर तूरच. उन्हाळ्यात दोघांस जिवंत ठेवणारे झाड म्हणजे बांधावर राहिलेली, पाण्याच्या पाटालगत हिरवी राहिलेली किंवा खोडव्यास फुटलेली तूर. तेवढी झाडे मे महिन्याअखेर काढून टाकली, तर रोगाची साखळी बरीचशी तुटते.

सारांश, ज्या रोगाची घरे थोडी, तेथे घर मोडणे हा उत्तम उपाय; ज्याची घरे अगणित, तेथे आपले पीक त्या घरांपासून वेळेने व अंतराने दूर ठेवणे हा उपाय. भेंडीचा केवडा या दोहोंच्या मध्ये बसतो. विषाणूची घरे थोडी असल्यामुळे ती मोडता येतात. माशीची घरे पुष्कळ असल्यामुळे त्यांपासून पीक दूर ठेवावे लागते.

फवारणी कोठे अपुरी पडते

फवारणी निरुपयोगी आहे असे येथे म्हणावयाचे नाही. शेतात वाढणाऱ्या माशीचे प्रमाण तिने कमी होते. परंतु बाहेरून रोग घेऊन आलेली माशी औषधाने मरण्यापूर्वीच झाडात विषाणू सोडू शकते. शिवाय फवारा पानाच्या वरच्या बाजूस पडतो व माशी खालच्या बाजूस असते. एकाच गटातील औषध वारंवार मारल्याने माशीत त्याविरुद्ध प्रतिकार निर्माण होतो आणि तिच्यावर जगणारे मित्रकीटक मात्र मरतात. २०१५ साली पंजाब व हरियाणात कापसावर पांढऱ्या माशीचा जो उद्रेक झाला, त्यात अनेक फवारण्या करूनही पुष्कळ शेतकऱ्यांस पीक वाचविता आले नाही. यास्तव फवारणी हा शेवटचा आधार समजावा. पहिला उपाय समजू नये.

शेतकऱ्याने करावयाची कामे

पेरणीपूर्वी. नवी भेंडी पेरण्यापूर्वी किमान दोन-तीन आठवडे जुने भेंडीचे पीक, आपोआप उगवलेली झाडे व बांधावरील रानभेंडी काढून टाकावी. हे काम पेरणीपूर्वीच आटोपणे फार महत्त्वाचे आहे. नवी रोपे उगवल्यावर शेजारची तणे किंवा वांग्याचे जुने झाड उपटल्यास त्यांवरील माश्या बेघर होऊन कोवळ्या भेंडीवर येतात. चांगल्या हेतूने केलेले काम त्यामुळे अपायकारक ठरते.

जागेची निवड. वांगी, टोमॅटो किंवा कापूस यांच्या लगत भेंडी घेऊ नये. पांढरी माशी स्वतःच्या बळावर दूर उडणारी नव्हे. परंतु वारा तिला वाहून नेतो. सबब नवे पीक जुन्या पिकाच्या वाऱ्याकडील अंगास असावे. पावसाळ्यात वारा बहुधा पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून वाहतो. त्या वेळी नवी भेंडी जुन्या पिकाच्या पूर्वेस टाळून पश्चिमेस घ्यावी.

सजीव कुंपण. भेंडीच्या पेरणीपूर्वी दोन-तीन आठवडे शेताच्या चारही बाजूंस मका, ज्वारी किंवा बाजरी यांच्या दोन-तीन दाट ओळी पेराव्यात. जे झाड माशीसही नको व विषाणूसही नको, तेच कुंपणास योग्य. वाऱ्याबरोबर येणाऱ्या माश्यांस त्याचा अडथळा होतो.

पहिले दीड-दोन महिने. आठवड्यातून दोनदा सकाळच्या थंड वेळी शेतातून फेरी मारावी. तेव्हा माशी सुस्त असते. काही झाडांची वरचे, मधले व खालचे अशी तीन पाने हळूच उलटून पाहावीत. पिवळे चिकट सापळे पिकाच्या शेंड्याच्या उंचीवर लावावेत. माशी दिसू लागताच निंबोळीचा ५ टक्के अर्क पानाच्या खालच्या बाजूस पोचेल अशा रीतीने फवारावा. त्यापुढील औषध निवडताना कृषी विद्यापीठाची चालू शिफारस व लेबलावरील मजकूर पाहून, तोडणी व फवारणी यांतील सांगितलेले अंतर कटाक्षाने पाळावे. कारण भेंडी एक दिवसाआड तोडून लगेच खाल्ली जाणारी भाजी आहे.

रोगट झाड उपटणे. पिवळ्या शिरांचे पहिले झाड दिसताच ते काढावे. मात्र झाड हिसडून उपटू नये. त्यावरील माश्या उडून शेजारच्या झाडांवर बसतात. सकाळी झाडावर हलकेच गोणपाट किंवा मोठी पिशवी घालावी, मग ते मुळासकट काढून पिशवीतच बंद करून दूर नेऊन पुरावे. रोग थोडा असतानाच या उपायाचा लाभ होतो. अर्धे शेत पिवळे पडल्यावर नाही.

पीक संपल्यावर. शेवटचा तोडा झाला, की पीक त्याच आठवड्यात काढावे. घरापुरत्या भाजीसाठी म्हणून ठेवलेल्या चार झाडांचे मोल पुढच्या हंगामात साऱ्या शिवारास द्यावे लागते.

बांधाविषयी एक सूचना करणे जरूर आहे. विषाणूचे घर मोडावयाचे म्हणून सर्व बांध जाळून उजाड करू नये. बांधावरील फुलझाडे व गवत यांत ढालकिडे, क्रायसोपा व माशीच्या पिलांवर जगणाऱ्या सूक्ष्म गांधीलमाश्या यांस आसरा मिळतो. झाड ओळखून, जे अपायकारक तेवढेच काढावे.

वाणांचा अनुभव

पन्नाशीच्या दशकात दिल्ली येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेत पुसा सावनी हा वाण तयार झाला. आरंभी त्यावर केवड्याची लक्षणे दिसत नसत, म्हणून तो सर्वत्र पसरला. कालांतराने तोही रोगास बळी पडू लागला. १९८० च्या दशकात परभणीच्या कृषी विद्यापीठाने पुसा सावनी व एक रानभेंडी यांच्या संकरातून परभणी क्रांती हा वाण दिला. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने अर्का अनामिका या वाणात दुसऱ्या एका रानभेंडीचा प्रतिकार आणला. हे वाण अनेक वर्षे उपयोगी पडले. परंतु विषाणूही बदलत गेल्याने त्यांचा प्रतिकार ठिकठिकाणी उणावला आहे.

यावरून दोन गोष्टी शिकावयाच्या. पहिली ही, की सर्व रानभेंड्या सारख्या नाहीत. काही रोगाचे घर असतात, तर काहींच्या अंगच्या प्रतिकारातूनच आपले वाण निर्माण झाले. दुसरी ही, की प्रतिकारक वाण पेरला म्हणून शेजारची रोगट झाडे दुर्लक्षिता येत नाहीत. विषाणूचा साठा जितका मोठा, तितकी त्यास बदलून नव्या वाणावर मात करण्याची संधी अधिक.

स्वाध्याय

वाचकांनी हा पाठ कागदावर न ठेवता शेतात नेऊन पाहावा. आपल्या शेताचा व भोवतालच्या चार शेतांचा एक साधा नकाशा काढावा. जेथे भेंडी, रानभेंडी किंवा गुलखैरा आहे, तेथे तांबडी खूण करावी; जेथे वांगी, टोमॅटो, कापूस व माशीचा आसरा असलेली तणे आहेत, तेथे पिवळी खूण करावी. वाऱ्याची दिशा बाणाने दाखवावी. तांबडी व पिवळी खूण ज्या ठिकाणी जवळजवळ येतात, ती जागा रोगाच्या उगमाची समजावी व पेरणीपूर्वी प्रथम तेथे हात घालावा. नकाशा जपून ठेवून पहिले पिवळे झाड कोठे व कोणत्या तारखेस दिसले, याची नोंद त्यावर करावी. दोन-तीन हंगामांत हा कागद कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक उपयोगी सल्ला देऊ लागेल.

हा नकाशा काढताना एक गोष्ट आपोआप ध्यानात येईल. तांबड्या खुणा बहुतेक वेळा आपल्या हद्दीत नसतात. काही शेजाऱ्याच्या बांधावर, काही गावच्या ओढ्यावर, काही रस्त्याच्या कडेला असतात. माशीस सातबारा वाचता येत नाही. म्हणून केवड्याचा बंदोबस्त एकट्याने करावयाचे काम नव्हे. एका शिवारातील भेंडी उत्पादकांनी एकत्र बसून जुने पीक काढण्याची तारीख ठरविली, रानभेंडी काढण्यासाठी एक दिवस दिला आणि पेरणी शक्य तो एकाच आठवड्यात उरकली, तर त्यास खर्च फारसा येत नाही व औषधावरील पुष्कळ खर्च वाचतो. मे महिन्यातील एक सकाळ या कामी घालविली, तर पावसाळ्यातील तोडणी हिरव्या भेंडीची होईल.